साक्ष द्यायला पहिला नंबर कशाला हवा?



अमेरिकेतल्या मोटार शर्यतींत एक गाडी बरीच वर्षे धावली. तिच्या बॉनेटवर ठळक अक्षरांत येशूचे नाव रंगवलेले असे. ही गाडी जिंकत नसे. पुष्कळदा ती शेवटच्या काही गाड्यांत असे, आणि कित्येकदा थोड्याच फेऱ्या मारून ट्रॅकच्या बाहेर येई. चालवणारा माणूस साठी ओलांडलेला होता, पुढे त्याने सत्तरीही ओलांडली. त्यांचे नाव मॉर्गन शेफर्ड. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ.

अशा गाडीवर प्रभूचे नाव असावे का? आपल्यापैकी काही जण म्हणतील, नाव प्रभूचे आणि नंबर शेवटून दुसरा, यात प्रभूचा कसला गौरव? आमचे मत उलट आहे. ते नाव योग्य गाडीवर होते. आणि आपल्या प्रार्थनासभांत आपण साक्ष कोणाची ऐकतो, कोणाची ऐकत नाही, याचा विचार करायला या माणसाची कारकीर्द फार उपयोगी पडते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी त्यांची थोडी ओळख करून देतो, कारण हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही. मॉर्गन शेफर्ड यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९४१ रोजी उत्तर कॅरोलायना राज्यातल्या फर्ग्युसन या गावी झाला. हा विल्क्स परगण्याचा डोंगराळ मुलूख. तिथल्या खेड्यांत एके काळी चोरून हातभट्टीची दारू गाळत. ती रातोरात शहरात पोचवायची, तर पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी वेगवान हवी. दिसायला साधी, पण आतून इंजिन सुधारलेले, अशा त्या गाड्या. त्या गाड्या आणि ते चालक यांच्यातून पुढे ‘स्टॉक कार’ शर्यतींचा खेळ वाढला. १९४८ साली बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने ‘नॅसकार’ ही संस्था उभी राहिली, आणि तिने या खेळाला नियम व शिस्त दिली.

बहुतेक शर्यती लंबगोल ट्रॅकवर होतात. चाळीसेक गाड्या एकदम सुटतात, शेकडो फेऱ्या मारतात आणि एक जिंकते. नॅसकारची सर्वांत मोठी मालिका ‘कप’ म्हणून ओळखली जाते, तिच्या खालोखाल दुसरी मालिका, आणि १९९५ पासून तिसरी, ट्रकची. ट्रक म्हणजे आपले दहाचाकी नव्हेत. आपल्याकडे भाजीपाला नि सिलिंडर वाहणाऱ्या पिकअप असतात, तशा आकाराच्या, पण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या. शेफर्ड या तिन्ही मालिकांत धावले.

१९७० साली हिकरीच्या ट्रॅकवर त्यांनी कप मालिकेत पहिल्यांदा गाडी उतरवली. १९७५ साली त्यांनी आपले जीवन ख्रिस्ताला दिले. त्या दिवसापासून हा माणूस आपल्या विश्वासाविषयी कधी आडपडद्याने बोलला नाही. १९८० साली ते नॅसकारच्या लेट मॉडेल स्पोर्ट्समन गटाचे राष्ट्रीय विजेते झाले. कप मालिकेत त्यांनी चार शर्यती जिंकल्या: १९८१ मध्ये व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलला एक, आणि अटलांटाच्या ट्रॅकवर १९८६, १९९० व १९९३ मध्ये तीन. दुसऱ्या मालिकेत त्यांच्या नावावर १५ विजय आहेत. १९९० च्या कप मोसमात ते एकूण गुणांत पाचवे आले. १९९३ चा विजय त्यांनी व्हर्जिनियातील वुड बंधूंच्या २१ क्रमांकाच्या गाडीत मिळवला. ती शर्यत मोठ्या हिमवादळामुळे आठवडाभर पुढे ढकलावी लागली होती. तेव्हा शेफर्ड ५१ वर्षांचे होते. कप मालिकेत त्यांच्याहून जास्त वयात जिंकलेला चालक तोवर एकच होता, हॅरी गँट.

आता ही कथा इथेच थांबवली, तर आपल्या प्रार्थनासभेत सांगायला अगदी छान साक्ष तयार होते. डोंगरातल्या गावचा मुलगा, ख्रिस्ताला शरण गेला, मग विजेतेपद, मग एकामागून एक विजय, पन्नाशी उलटल्यावरही विजय. “पाहा, प्रभूने किती दिले!” सगळे टाळ्या वाजवतील, आलेलुया म्हणतील, चहा होईल आणि घरी जातील.

पण या साक्षीला १९९० चा अटलांटाचा दिवस आडवा येतो. त्या दिवशी शेफर्ड जिंकले. त्याच शर्यतीत, इंधन भरायला व टायर बदलायला गाड्या थांबतात त्या पिटच्या जागेत, एक गाडी घसरून थांबलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळली. तिथे वाकून टायर बदलत असलेला एक कामगार दोन गाड्यांमध्ये सापडला आणि मरण पावला. तेव्हा पिटमध्ये शिरताना गाडीच्या वेगाला मर्यादा नव्हती. या मृत्यूनंतर पुढच्या मोसमात नॅसकारला ती घालावी लागली, आणि आजही ती पाळली जाते.

त्या संध्याकाळी एका घरी करंडक गेला आणि एका घरी मृत्यूची बातमी गेली. “प्रभूने आज मला जिंकवले” असे जिंकणाऱ्याने म्हणायचे, तर त्या दुसऱ्या घराला काय सांगायचे? त्यांची प्रार्थना कमी पडली? प्रभू येशूला लोकांनी असेच विचारले होते, आणि त्याने शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्या अठरा जणांची आठवण काढून विचारणाऱ्यांनाच अंतर्मुख केले (लूक १३:४). मेलेले जास्त पापी होते असे मानू नका, असे त्याने बजावले. मग जिंकलेले जास्त पुण्यवान होते असे मानण्याची मुभा आपल्याला कोणी दिली? बुरुजाखाली सापडणे हे देवाच्या रागाचे माप नसेल, तर करंडक हे देवाच्या मर्जीचे माप होऊ शकत नाही.

या खेळाचा हिशेब पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. शेफर्ड कप मालिकेच्या ५०० हून अधिक शर्यतींत उतरले आणि चार जिंकले. ते कमी दर्जाचे चालक होते असे कोणी समजू नये. या मालिकेतले सर्वांत जास्त विजय रिचर्ड पेटी यांचे आहेत, २००. पण त्यासाठी ते जवळपास १२०० शर्यती धावले. म्हणजे या खेळातला सर्वांत यशस्वी माणूससुद्धा दर सहांपैकी पाच वेळा हरून घरी गेला. बाकीच्यांचे काय सांगावे? एक जिंकतो, चाळीस हरतात, आणि पुढच्या आठवड्यात तेच चाळीस पुन्हा गाड्या पुसून उभे राहतात. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना हेच उदाहरण घेतले आहे, की धावतात सगळे, बक्षीस एकालाच (१ करिंथ ९:२४). देवाची कृपा त्या एकाच्याच वाट्याला येते असे म्हटले, तर ती कृपा फार कंजूष ठरेल.

आता शेफर्ड यांच्या कारकिर्दीचा दुसरा भाग पाहू. आमच्या मते साक्षीचा खरा भाग हाच. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या मालकांच्या गाड्या त्यांच्या हातून सुटत गेल्या. वय वाढले, खेळात पैसा वाढला, मालकांना तरुण चालक हवे झाले. बहुतेक जण अशा वेळी थांबतात. शेफर्ड ट्रक मालिकेत गेले, पुढे स्वतःचा लहानसा संघ चालवू लागले. एका संघाचे नाव होते ‘व्हिक्टरी इन जीझस रेसिंग’, म्हणजे येशूमध्ये विजय. आणि ट्रक मालिकेत शेफर्ड यांनी एकही शर्यत जिंकली नाही. नंतर ‘फेथ मोटरस्पोर्ट्स’ हा त्यांचा संघ आला. गाडीचा क्रमांक ८९, आणि बॉनेटवर ‘रेसिंग विथ जीझस’, येशूसोबत शर्यत.

नावे नीट वाचा. ‘येशूमुळे पहिला नंबर’ असे कुठेही लिहिलेले नाही. येशूमध्ये, येशूसोबत. जो शेवटून तिसरा धावतो तोही येशूसोबत धावू शकतो. हे लिहायला धैर्य लागते, कारण गाडी मागे पडली की लोक हसतात आणि त्या हसण्यात प्रभूचे नावही ओढले जाते. जिंकणाऱ्या गाडीवर ते नाव लिहिणे त्या मानाने सोपे.

बॉनेटची जागा काय किमतीची असते तेही समजून घ्यायला हवे. या खेळात चालकाच्या कौशल्याइतकाच प्रायोजकांचा पैसा चालतो. गाडीचा इंच न इंच विकला जातो आणि बॉनेट सर्वांत महाग. शेफर्ड धावले तेव्हा कप मालिकेलाच एका सिगारेटचे नाव होते, ते २००३ पर्यंत टिकले. दुसऱ्या मालिकेला बिअरचे नाव होते. ट्रक मालिकेला हत्यारे-अवजारांच्या कंपनीचे. अशा बाजारात ज्याच्याकडे प्रायोजक नाही, तो बॉनेट कोरे ठेवतो. कोरे बॉनेट म्हणजे ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटीच. शेफर्ड यांनी त्या जागेवर असे नाव लिहिले, ज्याच्याकडून चेक येणार नव्हता. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची आठवण इथे येते (मार्क १२:४२). तिने जास्तीतले दिले नव्हते, पोटाला लागणारे दिले होते.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मोजके टायर, जुनी इंजिने, मोजकी माणसे. शर्यतीत ताशी दोन-अडीचशे किलोमीटरने आणि त्याहूनही जोरात गाडी पळवायची, तर टायर काही फेऱ्यांतच झिजतात. श्रीमंत संघ एका दिवसात टायरचे अनेक संच वापरतात. ज्याच्याकडे एक-दोनच संच आहेत, तो चालक कितीही चांगला असला तरी मागे पडतो. शेफर्ड मागे पडत राहिले आणि पुढच्या शर्यतीला येत राहिले.

आता आपल्याकडे वळू या. गोव्यात असो, बेळगावात असो, इंदूर, वडोदरा की हैदराबाद असो, आपल्या मराठी धर्मग्रामांत साक्षीचा कार्यक्रम होतो तेव्हा उभे कोण राहते? मुलाला नोकरी लागली, गाठ होती ती विरघळली, परदेशचा व्हिसा आला, अडलेले लग्न जमले, कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. या साक्षी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. उपकारस्तुती केलीच पाहिजे. दहा कुष्ठरोग्यांतला एकच परत आला याचे प्रभूला वाईट वाटले होते.

पण त्याच बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्याही मुलासाठी नऊ दिवसांची नोव्हेना झाली होती, नोकरी लागली नाही. तिच्याही नवऱ्यासाठी साखळी प्रार्थना झाली होती, तो गेला. हे लोक दर रविवारी मिस्साला येतात, गायकवृंदात उभे राहतात, आजाऱ्यांना भेटायला जातात, वेदीवरची फुले बदलतात. त्यांना आपण कधी माईक दिला आहे का? त्यांनी काय सांगावे, हे आपल्यालाच सुचत नाही, म्हणून आपण त्यांना टाळतो. मग हळूहळू त्यांनाही वाटू लागते की आपल्या विश्वासातच काही खोट असेल. काही जण मागच्या बाकावर सरकतात आणि एके दिवशी तिथूनही दिसेनासे होतात. कुठल्या तरी मंडपात ‘हमखास आशीर्वाद’ देणारा कोणी भेटला, तर ते तिकडे जातात. दोष त्यांचा नाही. विश्वासाचे फळ म्हणजे यश, हे आपणच त्यांना शिकवले, आपल्या टाळ्यांनी.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हे पट्कन पकडतात. परीक्षेआधी क्रुसाची खूण केली की मार्क वाढतात का, असे ती सरळ विचारतात. आम्ही त्यांना सांगतो, क्रुसाची खूण करणे म्हणजे क्रूस अंगावर घेणे. तो मार्कांचा मंत्र नाही. पण घरी आणि सभेत मुलांना सगळ्या गोष्टी मार्क वाढल्याच्याच ऐकू येत असतील, तर वर्गातले एक वाक्य किती टिकणार?

लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट आहे (लूक १८:१०). परुश्याने उभे राहून जे सांगितले ती एक प्रकारची साक्षच होती: उपास किती, दशांश किती, इतरांपेक्षा आपण कसे पुढे. जकातदार मागे उभा होता, त्याच्याकडे सांगण्यासारखे यश नव्हते. नीतिमान ठरून घरी कोण गेला, हे आपल्याला ठाऊक आहे.

शेफर्ड यांच्याविरुद्ध बोलणारे लोक आहेत, आणि त्यांच्या आक्षेपांत तथ्य आहे. ते झाकून ठेवून हा लेख पुरा करणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप, देवाच्या नावाची जाहिरात. दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा देवाच्या नावाचा वृथा वापर करण्यास मनाई करते. साबण आणि तेलाच्या नावांशेजारी तारणाऱ्याचे नाव रंगवावे का? हा धोका खरा आहे. आपल्याकडेही रिक्षांच्या काचांवर, टेम्पोच्या माथ्यावर, दुचाकींच्या पुढच्या पत्र्यावर येशूचे नाव असते. ते लावून कोणी सिग्नल तोडला, मीटर फास्ट ठेवला किंवा म्हातारीला पावसात भर रस्त्यात उतरवले, तर नाव नसलेलेच बरे होते. नाव लावणाऱ्यावर जबाबदारी वाढते. म्हणून नाव कुठे लिहिले यापेक्षा लिहिणारा कसा वागला हे पाहावे. शेफर्ड यांना त्या नावातून कमाई झाली नाही, तोटाच झाला. जाहिरात तोट्यासाठी कोणी करत नाही.

दुसरा आक्षेप थोड्या फेऱ्या मारून बाहेर येण्याचा. या शर्यतींत शेवटी येणाऱ्यालाही काही रक्कम मिळत असे. म्हणून पैसा नसलेले संघ पात्रता मिळवत, शर्यतीला उभे राहत, थोडे धावत आणि टायर, इंधन व इंजिन वाचवण्यासाठी गाडी बाहेर घेत. शेफर्ड यांच्या गाडीनेही अनेकदा असे केले. पूर्ण धावण्याची तयारी नसताना रांगेत जागा अडवणे योग्य का, असे टीकाकार विचारत. आम्हाला हा प्रकार आदर्श वाटत नाही. पण गरिबाच्या हिशेबाकडे पाहताना थोडे सांभाळून बोलावे. ते नियमात होते, आणि त्या पैशांतून शेफर्ड पुढच्या शर्यतीचा खर्च भागवत. महिनाअखेरीला अर्धा लिटर दूध घेणाऱ्या घराला, पूर्ण लिटर का घेत नाही असे आपण विचारत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. जुलै २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या कप शर्यतीत शेफर्ड ७२ व्या वर्षी उतरले. या मालिकेत इतक्या वयाचा चालक पूर्वी कधी धावला नव्हता. ते अनेक फेऱ्या मागे होते. दुसऱ्या क्रमांकावर असलेला २४ वर्षांचा जोई लोगानो त्यांना ओलांडत असताना शेफर्ड यांची गाडी सरकून त्याच्यावर गेली आणि लोगानोची शर्यत तिथेच संपली. तो संतापला, आणि असे चालक ट्रॅकवर येण्याआधी त्यांची चाचणी घ्यायला हवी, अशा अर्थाचे बोलला. नॅसकारच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की शेफर्ड सगळ्या अटी पूर्ण करूनच उतरले होते. पण अटी पूर्ण होणे आणि थांबण्याची वेळ ओळखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या दिवशी कोणाच्या जिवाला काही झाले नाही, ही देवाची दया. पण सोबत धावणाऱ्यांना आपल्यामुळे धोका होत असेल, तर चिकाटीचे रूपांतर हट्टात होते, मग बॉनेटवर कोणाचेही नाव असो. इथे आम्ही लोगानोच्या बाजूचे आहोत.

हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. धर्मग्रामाच्या समितीवर, गायकवृंदात, संघटनेत वीस-पंचवीस वर्षे एकच व्यक्ती असते. निष्ठा म्हणून आपण तिचे कौतुक करतो, आणि ते योग्यच. पण मागून येणाऱ्या तरुणाला जागा मिळत नसेल, तर त्या निष्ठेचीही तपासणी व्हावी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतः कमी होणे पत्करले. तेही साक्षीचेच एक रूप होते.

इतके सांगूनही शेफर्ड यांच्याबद्दलचा आमचा आदर कमी होत नाही, आणि त्याचे कारण ट्रॅकच्या बाहेर आहे. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरांत अनेक कुटुंबे हलाखीत राहतात. त्यांच्यासाठी शेफर्ड यांनी एक मदतनिधी सुरू केला, आणि वर्षानुवर्षे नाताळच्या सुमारास ते तिथल्या गरजूंपर्यंत पोचत राहिले. स्वतःच्या गाडीला टायर मिळवण्याची मारामार, अशा वर्षांतही हे काम चालू राहिले. मोठे प्रायोजक होते तेव्हा देणे सोपे होते. बॉनेट कोरे झाल्यावरही देत राहणे, याला आम्ही ‘येशूमध्ये विजय’ म्हणतो. त्याची नोंद गुणतक्त्यात होत नाही.

नॅसकारच्या शर्यतीआधी प्रार्थना म्हटली जाते. १९८८ पासून ‘मोटर रेसिंग आउटरीच’ नावाची संस्था चालक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ट्रॅकवरच उपासना घेते. म्हणजे त्या खेळात देवाचे नाव घेणारे शेफर्ड एकटे नाहीत. प्रत्येक शर्यतीत पाचदहा जण तरी जिंकण्याआधी प्रार्थना करत असणार, आणि त्यांतला फार तर एक जिंकणार. देव बाकीच्यांचे ऐकत नाही का? ऐकतो. पण त्याला पहिल्या नंबरच्या गाडीइतकीच चाळिसाव्या नंबरची गाडीही दिसते, आणि तो दोघांना वेगळे प्रश्न विचारतो. पहिल्याला विचारतो, जे मिळाले त्याचे काय केलेस? चाळिसाव्याला विचारतो, नाही मिळाले तेव्हा माझ्यासोबत राहिलास का?

या खेळातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोठ्या ट्रॅकवर दोन गाड्या एकामागे एक अगदी जवळून धावल्या, तर एकटीपेक्षा दोघींचा वेग वाढतो. पुढची वारा फोडते म्हणून मागचीला कमी जोर लागतो, हे सहज कळते. पण मागची जवळ असल्यामुळे पुढच्या गाडीला मागे खेचणारी हवाही कमी होते. मागच्या गाडीचा पुढच्या गाडीला उपयोग होतो. संत पौलाने ख्रिस्तशरीराच्या अवयवांविषयी जे सांगितले, त्याला हे जुळते (१ करिंथ १२:२२). आपल्या धर्मग्रामात ज्यांची साक्ष यशस्वी आहे, ते पुढे जातात ते एकट्याच्या बळावर नव्हे. मागे कोणीतरी न मिळालेल्या वराच्या, न झालेल्या मुलाच्या, न बऱ्या झालेल्या आजाराच्या दुःखातही माळ जपत असते.

म्हणून आमची एक विनंती आहे. आता जेव्हा आपल्या प्रार्थनासभेत साक्षीची वेळ येईल, तेव्हा धर्मगुरूंशी बोलून एक जागा राखून ठेवा. तिथे अशा व्यक्तीला बोलवा जिची प्रार्थना तिच्या मनासारखी ऐकली गेली नाही, आणि तरी ती येते. तिला उपदेश करू नका, तिच्या गोष्टीला गोड शेवट लावू नका, “पुढे बघा कसे होते ते” असे म्हणू नका. तिला विचारा, तुम्ही टिकून कशा राहिलात? आणि शांतपणे ऐका. टाळ्या वाजल्या नाहीत तरी चालेल. मागच्या बाकावरची चार माणसे त्या दिवशी मान वर करतील.

संत पौल आयुष्याच्या शेवटी तीमथ्याला लिहितो तेव्हा आपण धाव संपवली आणि विश्वास राखला, एवढेच सांगतो (२ तीमथ्य ४:७). कितवा नंबर आला हे तो लिहीत नाही.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, जे जिंकले त्यांना नम्र ठेव. जे हरले त्यांच्या सोबत राहा, आणि तू सोबत आहेस हे आमच्या वागण्यातून त्यांना कळू दे. तुझे नाव आम्ही गळ्यात, घरावर आणि गाडीवर लावतो. ते नाव पेलण्याइतके आमचे आचरण सरळ कर. धावायची वेळ असेल तेव्हा आम्हाला बळ दे, आणि थांबायची वेळ येईल तेव्हा दुसऱ्याला वाट देण्याची बुद्धी दे. आमेन.